जुना बेस सिंथ घेताय: कीबोर्ड की रॅक?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काय समजलो ते तुम्हाला कळेल. तुम्ही सिंदेवाहीजवळच्या गावात राहता. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन सांभाळता आणि उन्हाळ्यात लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवता. हाताशी यामाहाचा पीएसआर कीबोर्ड आहे, तोच तुमचा ऑर्गन. त्यातला बेस पातळ वाटतो म्हणून नोव्हेशन कंपनीचा जुना बेस स्टेशन, म्हणजे खास बेससाठीचा सिंथ (विजेवर आवाज घडवणारं यंत्र), घ्यायचं मनात आहे. पुण्यात एकाकडे कीबोर्डवाला आहे, नागपुरात दुसऱ्याकडे तोच रॅकमध्ये, म्हणजे बिनपट्ट्यांच्या डब्यात, आहे आणि किंमत दोन्हीची जवळपास सारखी. दोन्हींत आवाज कोणाचा जाड, असं तुम्ही विचारलंय.

आवाजापुरतं उत्तर सोपं आहे. मूळ आवाज दोन्हींचा एकच. कीबोर्ड १९९३ साली आला, रॅक त्याच्या पुढच्या वर्षी. दोन ऑसिलेटर (सूर निर्माण करणारे भाग), एक फिल्टर (आवाजाचा वरचा भाग कापणारा), एका वेळी एकच सूर, हा सगळा गाभा दोघांत सारखा. डोळे मिटून ऐकलं तर कोणता वाजतोय ते मला सांगता येणार नाही, आणि मी वादकांच्या या बैठकीत २२ सीझन काढले आहेत. तेव्हा जाडीचा विचार बाजूला ठेवा. तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे: नाटक चालू असताना बेस कोणाचा हात वाजवणार, आणि तो हात कोणत्या कीबोर्डवर असणार? याचं उत्तर सापडलं की कीबोर्ड की रॅक हे आपोआप ठरतं.

रॅक ही चीज मुळात का आली ते बघा. १९८३ साली मिडी, म्हणजे यंत्रांनी एकमेकांना सूर कळवायची भाषा, आली आणि एका कंपनीच्या कीबोर्डवरून दुसऱ्या कंपनीचं यंत्र वाजवता येऊ लागलं. मग लोकांच्या लक्षात आलं की प्रत्येक यंत्राला पट्ट्या कशाला हव्यात? एकच चांगला कीबोर्ड पुढ्यात ठेवायचा, बाकीची यंत्रं डब्यासारखी एकावर एक लावायची. यामाहाचा डीएक्स सेव्हन आला तसा त्याचा बिनपट्ट्यांचा टीएक्स सेव्हन आला. रोलंडच्या अल्फा ज्युनोचा एमकेएस फिफ्टी झाला. बेस स्टेशनचंही तेच झालं. म्हणजे ज्याच्याकडे मिडी सोडणारा चांगला कीबोर्ड आधीच आहे, त्याच्यासाठी रॅक बनवलेला आहे. तो पुढ्यात नसेल तर रॅक म्हणजे तोंड नसलेला माणूस, बोलायला दुसरा कोणी लागतो.

आता तुमच्या पीएसआरकडे वळू. त्याच्या मागच्या बाजूला टॉर्च मारून बघा. पाच टाचण्यांचं गोल मिडीचं छिद्र आहे का? आपल्याकडे गावोगाव जे पीएसआर दिसतात, त्यांतल्या बऱ्याच मॉडेलांना ते नसतं. फक्त चौकोनी यूएसबीचं छिद्र असतं आणि त्यावर ‘टू होस्ट’ लिहिलेलं असतं. ते कॉम्प्युटरला जोडण्यासाठी असतं. त्यातून थेट रॅकला केबल जात नाही. मध्ये लॅपटॉप लागतो, नाहीतर यूएसबी होस्टची वेगळी डबी लागते. त्या डबीला तिचा अडॅप्टर आणि तिची केबल आलीच. रात्री दीड वाजता, दुसऱ्या अंकाच्या मध्यावर, तीन ठिकाणची सैल केबल शोधत बसणं काय असतं ते मी भोगलंय. म्हणून पहिली गोष्ट ही तपासा. गोल छिद्र नसेल तर रॅकची किंमत तेवढीच राहत नाही, वर आणखी एक-दोन वस्तू येतात.

समजा छिद्र आहे. तरी एक अडचण उरते, आणि ती विकणारा सांगत नाही. बेस स्टेशन एका वेळी एकच सूर वाजवतो. तुमचा ऑर्गन जर सगळ्या पट्ट्या एकाच मिडी चॅनेलवर सोडत असेल, तर डाव्या हाताचा सा आणि उजव्या हाताची चाल दोन्ही रॅककडे जातील. मग बेस तळाचा सा सोडून चालीच्या मागे उड्या मारू लागेल. ऐकणाऱ्याला वाटतं ऑर्गनवाला चुकला. हे टाळायचं तर ऑर्गनमध्ये कीबोर्ड दुभागून डावा भाग वेगळ्या चॅनेलवर पाठवायची सोय हवी. काही कीबोर्डांत ती असते, काहींत दुभागणी फक्त आतल्या आवाजापुरती असते आणि बाहेर सगळं एकत्रच जातं. मॅन्युअलमध्ये मिडीचं पान उघडून वाचा, नाहीतर विकत घेण्याआधी तुमचा ऑर्गन घेऊन नागपूरला जा आणि तिथेच जोडून बघा. त्या दिवसाचा एसटीचा खर्च वाया जात नाही.

इतकं सगळं जुळत असेल तर रॅकचा एक फायदा फार मोठा आहे, आणि आपल्या कामात तो इतर ठिकाणांपेक्षा जास्त लागतो. तो म्हणजे सूर बदलणं. नाटकात एका रात्रीत चार-पाच गाणारे येतात. नायिकेला काळी ५ (म्हणजे पाचव्या काळ्या पट्टीचा सा) लागते, म्हाताऱ्या पात्राला पांढरी १, आणि लावणीवाली आयत्या वेळी म्हणते, “दादा, काळी २ करा.” आपण काय करतो? ट्रान्सपोजचं बटण दाबतो आणि बोटं ओळखीच्या जागेवरच ठेवतो. रॅक त्या ऑर्गनवरून वाजत असेल, आणि ऑर्गन बदललेले सूरच मिडीवर पाठवत असेल, तर बेस आपोआप सोबत सरकतो. वेगळा कीबोर्डवाला बेस असेल तर त्याला काही कळत नाही. तो तुमच्या ऑर्गनपासून तुटलेला असतो. तुम्ही ट्रान्सपोज दाबलं, बेसवर जुन्याच जागेवर बोट पडलं, की सगळी बैठक बेसूर.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. ट्रान्सपोज सोबत जाऊ शकतो, पण बारीक ट्यूनिंग जात नाही. साथीला पेटी असेल आणि ती ४४० हर्ट्झच्या ठरलेल्या सुराला नसेल, तर आपण ऑर्गन थोडा चढवतो किंवा उतरवतो. ते चढणं-उतरणं मिडीच्या सुरांबरोबर बेसकडे पोचत नाही. रॅक असो की कीबोर्ड, बेस कानानं वेगळा जुळवावा लागतो. तळाच्या सुरात थोडा फरक पटकन कळत नाही, म्हणून बेस एक सप्तक वर नेऊन जुळवा आणि मग खाली आणा.

आता कीबोर्डवाल्याची बाजू. त्याला २५ पट्ट्या, म्हणजे दोन सप्तकं. बेसला तेवढ्या पुरतात, आणि सप्तक वर-खाली करायची बटणं असतात. त्याचं मोठेपण हे की तो कोणावर अवलंबून नाही. ऑर्गन बंद पडला, ऑर्गनमध्ये मिडी नाही, ऑर्गन दुसऱ्याचा आहे, काहीही असो. अडॅप्टर लावला, एक केबल मिक्सरला दिली की बेस चालू. शिवाय आपल्या बैठकीत बहुतेक वेळा शिकणारा एखादा पोरगा असतोच, पुतण्या नाहीतर भाचा. तुम्ही लिहिलंय की तुमचा पुतण्या सोबत येतो. त्याला बेसवर बसवता येईल. मी स्वतः असाच शिकलो. पहिले दोन सीझन मला फक्त सा आणि प वाजवू दिला होता, आणि ताल अंगात भिनायला त्यापेक्षा चांगली शाळा मला मिळाली नाही.

ट्रान्सपोजच्या अडचणीवर आमच्या बैठकीत जो उपाय चालला तो सांगतो. घरातलं टिकल्यांचं पाकीट घ्यायचं. लाल टिकली काळी ४ च्या सा वर, हिरवी काळी ५ वर, पिवळी पांढरी १ वर. सा ची टिकली पट्टीच्या मागच्या टोकाला, बोट लागणार नाही अशी. त्याच रंगाची छोटी टिकली त्या-त्या म आणि प वर. ऑर्गनवाला सूर बदलताना फक्त रंग सांगतो, “हिरवी!” आणि बेसवरचा पोरगा योग्य जागी येतो. एका सीझनमध्ये त्याला टिकल्यांची गरज उरत नाही. ज्याच्या बोटांना पाचही काळ्यांतले सा-म-प सापडतात, तो पुढे कुठेही बसला तरी अडत नाही. ट्रान्सपोजच्या बटणावर वाढलेल्या हाताला हे येत नाही, आणि याची मला खरंच काळजी वाटते.

मेमरीचाही फरक आहे, आणि तो रॅकच्या बाजूनं आहे. मूळ कीबोर्डात आवाज साठवायची सोय नावालाच होती. नॉब जिथे आहेत तो आवाज, असाच त्याचा कारभार. रॅकमध्ये आवाज साठवायला भरपूर जागा दिली. नाटकात याचा उपयोग होतो, कारण गाण्याला गोल बेस, भीतीच्या प्रसंगाला गुरगुरणारा आणि रेकॉर्डिंग डान्सला टोकदार, असं एका बटणावर मिळतं. पण मी मोजून पाहिलंय, एका नाटकात मला तीनपेक्षा जास्त बेस लागले नाहीत. तीन आवाजांसाठी नॉबच्या कडेला बारीक रंगाचे ठिपके दिले तरी भागतं. रॅकमध्ये बाहेरचा आवाज त्याच्या फिल्टरमधून काढायची सोय आहे, आणि मिडीवरून जुन्या बिनमिडीच्या सिंथला विजेच्या दाबानं वाजवायचीही. रोलंडचा १९८२ चा एसएच १०१ कोणाकडे असेल तर त्याला ही दुसरी सोय सोन्यासारखी, कारण त्याला मिडीच नाही. तुमच्या बैठकीत मात्र या दोन्हींचं काम पडणार नाही. तेव्हा ‘रॅकमध्ये फीचर जास्त’ हे ऐकून त्याकडे ओढले जाऊ नका.

नॉबबद्दल जरा जास्त बोलतो, कारण रात्रभर हात तिथेच असतो. रॅक एक युनिट उंचीचा आहे, म्हणजे पावणेदोन इंच. तेवढ्या पट्टीत सगळे नॉब दाटीनं बसवलेले आणि त्यांचं तोंड समोर. आपण जमिनीवर बसतो, रॅक गुडघ्याच्या उंचीला असतो, मंचावरचा उजेड डोळ्यांवर आणि आपल्या बाजूला अंधार. फिल्टर कुठवर उघडलाय ते बघायला वाकावं लागतं, आणि वाकलं की मंचावरच्या पात्राकडची नजर सुटते. कीबोर्डावर नॉब वर तोंड करून असतात, मान न वाकवता हात जातो. खलनायक पाऊल टाकतो त्याच क्षणी फिल्टर हळूहळू उघडत न्यायचा, हा तर आपला रोजचा खेळ. तो मला कीबोर्डावरच चांगला जमतो. ज्याला नुसता गाण्यामागे बेस धरायचा आहे त्याला याचं काही नाही.

पण वर तोंड केलेल्या नॉबांत धूळही वरूनच पडते. आपल्याकडची धूळ तुम्हाला ठाऊक आहे. धान कापून झालेल्या बांधीत मंडप पडतो, हजार माणूस चालून येतं, भुसा आणि माती हवेत असते. त्यावर डिसेंबरातलं दव. पहाटे चारला ऑर्गनच्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं तर ओलं होतं. दिव्याला येणारे किडे वेगळेच. या सगळ्यात कीबोर्डवाल्या यंत्राचे दोन भाग आधी थकतात. नॉब खरखरायला लागतात आणि पट्ट्यांखालचे संपर्क मार खातात, म्हणजे एखादी पट्टी दाबली तरी वाजत नाही, किंवा जोरात दाबावी लागते. रॅकमध्ये पट्ट्याच नाहीत, त्यामुळे बिघडायला तेवढा भाग कमी. पेटीत बंद राहतो, समोरचं झाकण काढलं की काम सुरू. दहा वर्षं टिकवायचं आणि दुरुस्तीला कोणी जवळ नाही, एवढाच हिशोब असेल तर रॅक पुढे आहे, हे मी मान्य करतो.

माझा नियम असा: दोन अंकांच्या मध्ये सुती चादर यंत्रावर. प्लास्टिक थेट टाकायचं नाही, त्याखाली दव धरतं. प्लास्टिक चादरीच्या वरून. नाटक संपल्यावर लगेच पेटीत कोंबायचं नाही, आधी कोरड्या फडक्यानं पुसून हवेला ठेवायचं. पावसाळ्यात चार महिने यंत्र पडून असतं, तेव्हा पंधरा दिवसांतून एकदा तासभर चालू करायचं आणि सगळे नॉब दहा-दहा वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचे. आणि पेटीला उंदीर शिरेल असं एकही भोक नको. माझ्या एका जुन्या कीबोर्डाची आतली पट्टीवायर उंदरानं कुरतडली होती, आणि ती बदलायला दोनदा नागपूरला जावं लागलं.

उष्णतेबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विचारायला हवं होतं. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि लग्नाचे ऑर्केस्ट्रे त्याच दिवसांत असतात. जुन्या ॲनालॉग सिंथमध्ये ऑसिलेटर तापला की सूर सरकतो. मघाशी एसएच १०१ म्हटलं, तो त्या जातीचा, पुन्हापुन्हा जुळवावा लागतो. बेस स्टेशनचे ऑसिलेटर ॲनालॉग असले तरी त्यांना डिजिटल लगाम आहे, त्यामुळे सूर जागचा हलत नाही. आपल्या हवेत हा फार मोठा गुण आहे, आणि बेस स्टेशनची तुमची निवड मला पटली ती मुख्यतः यामुळे. हा गुण कीबोर्ड आणि रॅक दोघांतही आहे.

विजेचं मात्र दोघांनाही सारखंच भय. गावात जनरेटरवर काम चालतं. मंचावरचे मोठे हॅलोजन एकदम बंद झाले की क्षणभर व्होल्टेज उसळतं. एका गावात अशाच उसळीत माझा अडॅप्टर जळाला, वास आला म्हणून कळलं. नशीब, आतलं यंत्र वाचलं. तेव्हापासून बैठकीचा एक छोटा स्टॅबिलायझर मी वेगळा ठेवतो आणि लाइटवाल्याच्या बोर्डातून वायर घेत नाही. जुनं यंत्र परदेशातून आलेलं असेल तर अडॅप्टर कुठल्या देशाचा आहे ते आधी वाचा. इंग्लंडचा २३० व्होल्टचा असतो, आपल्याकडे चालतो. अमेरिकेचा १२० चा आणि जपानचा १०० चा, साधा ट्रान्सफॉर्मरवाला असेल तर आपल्या प्लगमध्ये लावताक्षणी गेला समजा. ज्यावर १०० ते २४० असं छापलंय तो बिनधास्त लावा. नवा अडॅप्टर बाजारातून घेताना व्होल्ट, मिलिअँपिअर आणि अधिक-उणे कुठल्या बाजूला आहे, तिन्ही यंत्राच्या अंगावर लिहिलेलं बघूनच घ्या. पिन बसते म्हणून लावू नका.

आता तुमच्या मूळ तक्रारीकडे येतो, बेस पातळ वाटतो. भाऊ, यात दोष नेहमी ऑर्गनचाच नसतो. काळी ४ चा खालचा सा ५२ हर्ट्झच्या आसपास येतो. खेड्यातल्या साउंडवाल्यानं बॉटम (खालच्या सुरांचे मोठे स्पीकर) आणलेच नसतील आणि नुसते उभे कॉलम लावले असतील, तर ते ५२ हर्ट्झ धड वाजवूच शकत नाहीत. तुम्ही बेस स्टेशन नाही तर आणखी कितीही महाग यंत्र लावा, तो सूर हवेत जाणारच नाही. मग काय करायचं? फिल्टर थोडा उघडायचा. करवती लहर वापरली की ५२ च्या वर १०४, १५६ असे त्याचे वरचे भाऊबंदही वाजतात. कॉलम ते वाजवतो, आणि ऐकणाऱ्याचा कान त्यावरून खालचा सा आपणच जोडून घेतो. बेस स्टेशनच्या फिल्टरला १२ आणि २४ डेसिबलचा खटका आहे, म्हणजे वरचा भाग कमी कापायचा की जास्त ते ठरवणारा. बॉटम चांगले असतील तर २४, आवाज गोल आणि दणकट. नुसते कॉलम असतील तर १२, वरचा भाग जास्त निसटतो आणि मागच्या रांगेपर्यंत बेस ओळखू येतो. हेडफोनवर गोड लागलेला, अगदी बंद फिल्टरचा बेस मैदानात गेला की गायब होतो. आवाज ठरवायचा तर त्या गावच्या साउंडवर, तुम्ही स्वतः शेवटच्या रांगेत उभं राहून आणि पुतण्याला वाजवायला लावून.

पैसे घालण्याआधी एक प्रयोगही करा. तुमच्या पीएसआरवर कीबोर्ड दुभागून डाव्या हाताला फिंगर बेस लावा, रिव्हर्ब पूर्ण बंद करा आणि तो एका कार्यक्रमात वाजवून बघा. रिव्हर्बमुळे बेस पसरतो आणि पातळ वाटतो. तेवढ्यानं तुमचं समाधान झालं तर बेस सिंथचे पैसे चांगल्या डीआय बॉक्सवर (यंत्राचा आवाज मिक्सरला स्वच्छ पोचवणारी डबी) आणि केबलींवर घाला. झालं नाही, आणि तुम्हाला तो घसरत जाणारा, फिल्टरनं गुरगुरणारा सूरच हवा असेल, तर मात्र खरा सिंथच लागतो. पीएसआरमधून तो निघत नाही.

तुमच्या परिस्थितीला मी काय सुचवीन? पीएसआरला गोल मिडी नसेल तर पुण्याचा कीबोर्डवाला घ्या. पुतण्या सोबत आहे, नाटकात फिल्टर हातानं खेळवायचा आहे आणि तुम्ही कधी दुसऱ्याच्या ऑर्गनवरही बसता. ही तिन्ही कारणं कीबोर्डाकडे झुकतात. तुम्ही एकटे बसत असता, ऑर्गन वेगळ्या चॅनेलवर डावा हात सोडणारा असता आणि गाण्यागणिक सूर बदलत असता, तर मी न अडखळता रॅक सांगितला असता. माझ्या स्वतःकडे रॅक आहे, कारण माझं काम तसं आहे. उद्या तुम्ही मिडीचा चांगला ऑर्गन घेतला तरी कीबोर्डवाला वाया जात नाही. त्यालाही मिडी आहे, तो रॅकसारखा बाजूला ठेवून ऑर्गनवरून वाजवता येतो. रॅकला मात्र पुढे कधी पट्ट्या फुटत नाहीत.

तिसरा एक रस्ता आहे. २०१३ साली बेस स्टेशन टू आला. त्यालाही २५ पट्ट्या, पण आवाज साठवायला १२८ जागा, आणि तो यूएसबीच्या विजेवरही चालतो. त्याचा रॅक निघालाच नाही. वय कमी असल्यानं नॉब आणि पट्ट्या कमी झिजलेल्या मिळतात. तुमच्या किमतीच्या जवळपास जुना मिळाला तर १९९३ च्या यंत्राऐवजी मी तोच घेईन. मूळ यंत्राच्या नावाची ओढ मला कळते. क्रिस हगेट यांचा हात लागलेली ती आखणी आहे, १९७८ चा वॉस्प सिंथही त्यांचाच. पण तीस वर्षांपूर्वीच्या यंत्राचे भाग वडसा-ब्रह्मपुरीत मिळत नाहीत, आणि ऐन सीझनमध्ये तुमचं यंत्र नागपूरला पडून राहणं परवडत नाही.

पुण्याला गेलात तर हेडफोन आणि तुमची स्वतःची केबल घेऊन जा. यंत्र आधीच चालू करून ठेवलं असेल तर बंद करायला लावा, थंड होऊ द्या आणि स्वतः चालू करा. पंचवीसही पट्ट्या एकेक करून हळू दाबा, मग जोरात. एक सूर धरून ठेवून प्रत्येक नॉब फिरवा. खरखर आली तर तो नॉब दहा-वीस वेळा फिरवून परत ऐका. कमी झाली तर धूळ आहे, स्प्रेनं जाईल. तशीच राहिली किंवा मध्येच आवाज तुटला तर नॉब बदलावा लागेल, तेवढे पैसे कमी करून मागा. अडॅप्टरची पिन लावून हलवा. तिथे यंत्र बंद-चालू होत असेल तर आतला जोड सुटलाय. मिडीची केबल लावून दुसऱ्या कीबोर्डवरून वाजवून बघायला विसरू नका, आज गरज नसली तरी. अर्धा तास चालू ठेवा आणि परत सगळं ऐका, तापल्यावरचे दोष तेव्हाच उघडे पडतात. विकणारा घाई करत असेल तर चहा प्यायला थांबा, पण अर्धा तास पूर्ण करा.

परतीच्या गाडीत यंत्र डिकीत टाकू नका. २५ पट्ट्यांचं ते मांडीवर मावतं. नागपूरला उतरून पुढे काळीपिवळीनं जाणार असाल तर टपावर बांधू देऊ नका, एका जागेचं भाडं जास्त द्या आणि शेजारी ठेवा. गावी पोचलात की पीएसआरच्या मागचा फोटो काढून मला पाठवा. कोणत्या छिद्रातून काय निघतं ते बघून केबल कशी लावायची ते सांगतो.